मुंग्या न लागणारा कॅन

आमची ही गेल्यापासून घरात मला कुणी खोटं पाडत नाही. मी काही सांगितलं की सून म्हणते, आबा म्हणत्यात तेच खरं. मुलगा मान डोलावतो. नातवंडं ऐकल्यासारखं करतात आणि पळतात. पण जेवताना मी तोंड उघडलं रे उघडलं, की चुलीपासून “काय बी सांगू नगासा, आसं कुटं झालं व्हतं?” म्हणणारं माणूसच उरलं नाही. त्यामुळं आता खरंखोटं माझं मलाच बघावं लागतं. शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. तरी लिहितो. ही कॅनची गोष्ट ती सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना मला मधी एक शब्द बोलू द्यायची नाही. आता माझी पाळी.

आणीबाणी नुकती उठली होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव कृष्णेच्या काठी, सांगलीकडच्या अंगाला. स्वतःचा थोडा ऊस होता, पण त्यात माझं मन रमायचं नाही. मी पाठीला पंप लावून लोकांच्या रानात औषध मारायला जायचो. तासगावकडं द्राक्षाच्या बागा नव्यानं लागत होत्या, त्या बागवाल्यांना माझ्यासारखी माणसं लागायची. नाकाला धोतराचा सोगा बांधायचा आणि वाऱ्याकडं पाठ करून चालत राहायचं. एवढीच आमची खबरदारी.

त्या कामात एक रीत होती. औषध बागवाल्याचं, पण रिकामा डबा औषध मारणाऱ्याचा. त्यावर मालक हक्क सांगायचा नाही. आधी पत्र्याचे डबे यायचे, मग प्लास्टिकचे कॅन यायला लागले. आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही, पण त्या वेळी मुठीचा, झाकणाचा, न फुटणारा कॅन म्हणजे घरात दागिना आल्यासारखं होतं. मी कॅन आणला की आमची ही त्याला आधी कढत पाण्यात बुडवायची. मग त्यावरचा कागद सोलायची. त्या कागदावर कवटी असायची आणि खाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं असायचं. ते आम्ही कुणी वाचलं नाही. कवटीकडं बघत पाणी कोण पिणार, म्हणून तो कागद आधी काढायचा. मग राख, मग चिंच, मग दोन दिवस पत्र्यावर ऊन. झाला कॅन तयार.

असे कॅन ती वाटायची. कुणाला कॅन द्यायचा आणि कुणाला झुलवायचं, हे ती ठरवायची. पाणवठ्यावर तिच्या शब्दाला वजन होतं. ते माझ्यामुळं होतं असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते कॅनमुळं होतं.

पण त्या जुन्या कॅनांना एक खोड होती. कितीही घासा, वास जायचा नाही. शहाण्या बाया त्यात रॉकेल ठेवायच्या, बाकीच्या नाक मुरडत पाणी न्यायच्या. अशात एका बागवाल्यानं परदेशी औषध आणलं आणि त्याचा रिकामा कॅन माझ्या वाट्याला आला. पांढराशुभ्र, जाड, झाकण असं की फिरवताना मनगट दुखावं. सांगलीतल्या औषधाच्या दुकानदारानं मला त्याची थोरवी सांगितली होती. “ह्याच्या प्लास्टिकला आतनं फ्लोरिन नावाच्या वायूचा हात दिलाय. औषध भिंतीत मुरत न्हाई, भाईर झिरपत न्हाई. साध्या क्यानमदनं औषध उडून जातं, ह्यातनं जात न्हाई.”

मी घरी येऊन हिला तसंच सांगितलं. ती कॅनचं तोंड नाकाशी धरून बराच वेळ हुंगत राहिली.

“वास न्हाई वं.”

“न्हाईच यायचा. औषध मुरतच न्हाई त्यात.”

“म्हंजे भिंतीत मुरलं न्हाई, तर धुतलं की गेलं!”

“गेलं.”

या हिशेबात मला तर काही खोट दिसली नाही. शेजारच्या मावशीलाही दिसली नाही. ती म्हणाली, सरकारनं आता कुटं बायकांचा इचार केला.

हा कॅन हिनं कुणाला दिला नाही. त्याला एक कारण होतं. हिचं माहेर मेढ्याच्या बाजूला, डोंगरात. तिकडं भात आणि नाचणी, ऊस होत नाही. म्हणून गुऱ्हाळ लागलं की दर साली ही माहेरी काकवी न्यायची. काकवी म्हणजे उसाचा रस आटवताना गूळ व्हायच्या आधी काढलेला दाट पाक. घावनाबरोबर खाल्ली की माणूस उठत नाही. पण ती न्यायची मडक्यात, एस्टीनं, साताऱ्याला गाडी बदलून. मागल्या साली मेढ्याच्या वळणावर मडकं फुटलं. कंडक्टरचे बूट चिकटले, एका म्हाताऱ्याचं गाठोडं चिकटलं, आणि ही माहेरच्या दारात मडक्याचा गळा हातात धरून उभी राहिली. तिची भावजय जिभेनं लय तिखट. ती म्हणाली, “वन्सं, काकवी आणलीसा का मडक्याची माळ?”

ते एक वाक्य हिनं वर्षभर पोटात ठेवलं. आणि या साली त्याच भावजयीला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आलं तसा हिनं उलट निरोप धाडला: घावनाला काकवी मी आणते, सगळ्या पावण्यांना पुरंल इतकी. तुम्ही काही बघू नका.

गुऱ्हाळावर हिनं तो पांढरा कॅन गळ्यापर्यंत भरून घेतला. भरताना बाहेरून ओघळ आले, ते तिनं हातानंच पुसले. रात्रभर कॅन तिथंच राहिला. गुऱ्हाळावर मुंग्या किती असतात ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ढेपांवर, दोऱ्यांवर, माणसाच्या धोतरावर, सगळीकडं काळी रांग. सकाळी बघतो तर कॅनच्या आसपास एक मुंगी नाही. शेजारच्या घागरीला मुंग्यांचा वेढा आणि कॅन आपला धुतल्यासारखा.

गुळव्या, म्हणजे गूळ आटवणारा आमचा जुना माणूस, कॅनभोवती फिरला. “आयला! लय भारी जिन्नस हाय ह्यो गड्या. मुंगी सुदिक लागत न्हाई!”

झालं. ही बातमी पाणवठ्यावर गेली आणि दिवसभर बाया कॅन बघायला येत राहिल्या. ही पदर खोचून बाजूला उभी. शेजारची मावशी मला म्हणाली, “बाबा, म्होरल्या खेपंला मला आसलाच आण रं, मुंग्या न लागणारा.”

ही कॅन घेऊन दोन दिवस आधीच माहेरी गेली. मी बारशाच्या दिवशी पोचणार होतो, कारण त्याच्या आदल्या दिवशी आम्हा औषध मारणाऱ्यांना सांगलीत विश्रामबागला बोलावणं होतं. शेतीखात्याचं शिबिर होतं. चहा आणि जेवण आहे म्हटल्यावर सगळे आले होते.

एका कचेरीच्या आवारात मांडव घातला होता. समोर एक अधिकारी, चष्मेवाला, बारीक आवाजाचा. त्यानं सांगितलं की या औषधांचा कायदा होऊन कैक वर्षं झाली. कोणी विकायचं, कसं ठेवायचं, रिकाम्या कॅनचं काय करायचं, सगळ्याचे नियम आहेत आणि ते त्या कवटीच्या कागदावर लिहिलेले असतात. मग त्यानं विचारलं, “रिकाम्या कॅनचं तुम्ही काय करता?”

मागून एकजण म्हणाला, “सायेब, आमची म्हातारी त्यात ताक न्हेती रानात.” सगळे हसले. अधिकारी हसला नाही. त्यानं टेबलाखालून एक कॅन काढला. पांढरा. माझ्या कॅनचा सख्खा भाऊ. आमच्यासमोर तो तीन वेळा धुतला, पालथा धरून निथळला, आणि मग लोखंड कापायच्या करवतीनं त्याची मूठ कापली. मूठ आतून पोकळ होती. तिच्या कोपऱ्यातून काळपट, दाट थेंब आला आणि टेबलावरच्या कागदावर पसरला. वास पहिल्या रांगेपर्यंत आला.

“पाणी या मुठीत नीट जात नाही,” तो म्हणाला. “औषध मात्र जाऊन बसलेलं असतं. झाकणाच्या आट्यांतही तेच. म्हणून नियम असा की कॅन भोकं पाडून निकामा करायचा आणि वस्ती, विहीर, ओढा सोडून लांब पुरायचा.”

मला राहवलं नाही. मी उठलो. “पर सायेब, ह्या क्यानला आतनं वायूचा हात दिलाय म्हणं. दुकानदार म्हनला, औषध मुरत न्हाई.”

“बरोबर सांगितलं त्यानं. औषध वाटेत बाहेर झिरपू नये म्हणून तशी सोय केली आहे. ती औषधासाठी. तुमच्या ताकासाठी कुणी केलेली नाही. आणि त्या वायूनं प्लास्टिकवर जो थर बनतो, त्यातलं काय किती वर्षांनी खाण्यात उतरतं, ते कुणी तपासलंय असं माझ्या तरी ऐकण्यात नाही. त्याचा तर नियमही अजून नाही. जे माहीत नाही ते मी माहीत आहे म्हणून सांगणार नाही.”

हा माणूस सरळ बोलतो असं मला वाटलं, आणि त्या भरात मी छाती काढून म्हणालो, “आमचा क्यान मातर येगळा हाय सायेब. आमच्या क्यानला मुंग्या बी लागत न्हाईत!”

मला वाटलं टाळ्या पडतील.

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. “काय ठेवलंय त्यात?”

“काकवी.”

“काकवीला मुंग्या लागत नाहीत?”

“न्हाई सायेब. एक सुदिक—” आणि तिथं माझं तोंड उघडंच राहिलं. गोडाला मुंगी का लागत नाही, हा विचार आम्हा सगळ्यांत मिळून एकाच्याही डोक्यात आला नव्हता. बाजूचा माणूस माझ्यापासून थोडा सरकून बसला, जसा काही मीच कॅन होतो.

“कुठं आहे ती काकवी?”

“मेढ्याला. उद्या बारशाला.”

शिबिर तिथंच सोडून त्या माणसानं मला स्वतःच्या स्कूटरवर घातलं. वाटेत पाठमोराच ओरडत होता, “कुणी खाल्ली असली आणि घाम सुटला, उलटी झाली, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, तर गावठी उपाय करू नका. सरळ दवाखाना!” स्टँडवर तो म्हणाला, तार करा. मी नको म्हटलं. सासऱ्याच्या घरातले दोघे पलटणीत, सासरा स्वतः पेन्शनीत निघालेला हवालदार. त्या घरी तारवाला दिसला की कागद उघडायच्या आधी बायका रडायला लागतात, आणि बाळंतिणीपुढं तर नकोच. आणि पोस्टमन डोंगर चढून कधी पोचणार? मी साताऱ्याची गाडी धरली. साताऱ्याला पोचलो तोवर मेढ्याची शेवटची गाडी गेली होती. स्टँडवर पडून राहिलो आणि सकाळच्या पहिल्या गाडीत बसलो. गाडीत उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं. दर थांब्याला उठत होतो आणि कंडक्टरला किती राहिलं विचारून परत बसत होतो.

मेढ्यापासून वाडीपर्यंत पळतच गेलो. दारात पोचलो तर तव्यावर घावनं, अंगणात पावण्यांची पंगत, पाळण्याला झेंडूच्या माळा. आणि आमची ही हातात पळी घेऊन, त्या पांढऱ्या कॅनचं झाकण फिरवत बसलेली. तोंडावर असा थाट की राज्य मिळालंय.

“थांब!” मी ओरडलो.

सासूबाई लगबगीनं आल्या. “आवं जावायबापू, पाणी तरी घ्या. धापा कशाला टाकतासा?”

“कुणी खाल्ली का काकवी?”

“आजून कुटं? तुमची कारभारीण कुणाला बोट लावू द्यील तवा ना. दोन दिस त्यावर नागिणीगत बसलीया. सगळ्यांनी भरलेला बघितल्याबिगर झाकान काढायचं न्हाई म्हणती.”

हिच्या गर्वाला मी मनातल्या मनात हात जोडले. आणि मग मला आडवळणानं बोलता येत नाही म्हणून सरळ बोललो, “त्या काकवीत इख हाय. औषधाचं. वतून टाका.”

पंगतीनं पानं मागं सारली. आतल्या खोलीतून बाळंतिणीचा आवाज आला, “आगंबाई! आणि ह्ये माज्या बारशाला आणलंसा व्हय वन्सं?”

हिचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. सगळ्या माहेरासमोर, भावजयीच्या बारशात, स्वतःच्या नवऱ्यानं तिला असं बोललेलं. ती म्हणाली, “म्या सोता धुतलाय. राखंनं, चिचंनं. काय बी व्हत न्हाई, ह्ये बघा, म्या खाऊन दावते.” आणि तिनं बोट बुडवलं.

मी तिचं मनगट धरलं. आमच्यात सासू-सासऱ्यांसमोर बायकोचा हात धरायची पद्धत नव्हती. बायकांनी पदर तोंडाला लावले. विष राहिलं बाजूला, त्याचीच कुजबुज सुरू झाली. ती हात सोडवायला बघत होती, मी सोडत नव्हतो, आणि बोटावरून काकवी माझ्या मनगटावर ओघळत होती.

“सोडा, लोकं बगत्यात.”

“बगू देत. आदी बोट धू.”

सासरे उठले. पलटणीतला माणूस, आवाज चढवायचा नाही. “तुमी दोगं बी गप. ती म्हनती चांगली हाय, ह्ये म्हनत्यात वंगाळ हाय. ज्यांना गोडातलं कळतं त्यांनाच इचारू.”

परड्यात आंब्याखाली मुंग्यांचं वारूळ होतं. सासऱ्यांनी एका सपाट दगडावर कॅनमधल्या काकवीची रेघ ओढली आणि शेजारी घरातल्या चहापुरत्या गुळाच्या पाण्याची. मग आख्खं बारसं उठून परड्यात आलं. पावणे उकिडवे बसले, त्यांच्या खांद्यावरून बायका वाकल्या, बाळ घेऊन सासूबाई आल्या. ज्या बाळाचं नाव ठेवायचं होतं ते सोडून सगळे मुंग्यांकडं बघत होते.

मुंग्या गुळाच्या पाण्याला लागल्या. काळी रांग झाली. काही काकवीच्या रेघेशी आल्या, शिंगं हलवली आणि माघारी फिरल्या. ज्या पुढं गेल्या त्या थोड्या चालल्या आणि आडव्या झाल्या.

ही सगळ्यांत पुढं बसली होती. ती उठली, विहिरीवर जाऊन हात कोपरापर्यंत घासून आली, आणि माझा हातही तिनंच घासला, लोकांसमोर. मग घरातला कोयता घेतला आणि कॅनकडं निघाली.

“आगं थांब,” सासरे म्हणाले, “आदी खड्डा. आसं परड्यात उडवू नगंस.” त्यांनी दोघा पावण्यांना पहार दिली, वस्तीपासून लांब, माळाच्या कडेला खड्डा घेतला. काकवी आत गेली, मग हिनं कॅनला कोयत्यानं भोकं पाडली, मुठीला तर चार जास्तच, आणि वर माती ओढली. त्या खड्ड्याजवळ ती जरा वेळ उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. वर्षभराची काकवी होती ती.

घावनं तव्याशेजारी गार होत होती आणि सोबत खायला काही नव्हतं. तेव्हा बाळंतिणीनं आतून हाक मारली, “वन्सं, कणगीच्या मागं डबा हाय, तेवढा काडा.”

डब्यात गूळ होता. चांगला पंगतीला पुरंल इतका.

“म्या म्हटलं व्हतं काय बी बघू नगा म्हनून,” ही म्हणाली.

“म्हटलं व्हतंसा की. पर मागल्या सालचं मडकं मला ठावं व्हतं न्हवं का. तुमचा भरवसा न्हाई, म्हनून ठिवला आनून.”

आधी भावजय हसली. मग सासूबाई. मग ही रडता रडता हसायला लागली, ती इतकी, की पाळण्यातलं पोर दचकून उठलं. गुळाचा पाक करून घावनं झाली, नाव ठेवलं, सगळं यथासांग पार पडलं.

परतताना ही साताऱ्यापर्यंत माझ्याकडं पाठ करून खिडकीला बसली. मला वाटलं, सगळ्यांसमोर बोललो त्याचा राग आहे. गाडी कऱ्हाडच्या बाजूला लागल्यावर ती एकदम म्हणाली, “ताक न्हेती ती मावशी. त्याल ठिवती ती पाटलीण. शाळंत पोरांच्या पाण्याला आपलाच क्यान हाय.” आणि घरं मोजत सुटली. कुणाला कोणता कॅन कधी दिला, सगळं तिच्या डोक्यात होतं.

गावात आल्यावर तिनं गाठोडं खाली ठेवलं नाही, तोंड धुतलं नाही, कोयता घेऊन दारोदार फिरायला लागली. मी मागून फावडं घेऊन. शाळेचा कॅन पहिला. बाकीच्या बायांनी तिला काय काय ऐकवलं! “दिलेलं माघारी घेती, कसली गं तू?” “तुला माज्यापरीस चांगला गावला आसंल, म्हनून.” कुणी दार लावून घेतलं. प्रत्येक दारात ती माहेरची फजिती पहिल्यापासून सांगायची, भावजयीच्या गुळासकट, स्वतःला एक पैशाची सूट न देता. हसू आलं की बाया कॅन आणून द्यायच्या. पाणवठ्यावर तिचं नाव ‘क्यानफोडी’ पडलं आणि जुनं वजन गेलं ते गेलंच.

शेजारची मावशी तेवढी हटून बसली. बसली म्हणजे खरोखरच कॅनवर बसली. “मला सांगू नगंस. माजं सगळं आयुष्य गेलं मडकी फुटून. आता ह्यो क्यान न्हेलास तर म्या ताक कशात न्हेऊ? वंजळीत?”

ही घरी आली, माळ्यावर चढली आणि पितळेची कासंडी घेऊन खाली उतरली. लग्नात तिच्या आईनं दिलेली, दूध काढायची, कडीची. आम्ही ती दसऱ्यालाच काढायचो. तिनं ती मावशीच्या पुढ्यात ठेवली. मावशीनं कासंडी उचलून बघितली, बोटानं वाजवली, आणि मगच कॅनवरून उठली.

मावशी जाईपर्यंत त्याच कासंडीतून ताक नेत होती. ती गेल्यावर कासंडी तिच्या सुनेकडं गेली. मला ते खुपत होतं. एकदा जेवताना मी म्हणालो, “तुज्या आईची वस्तू. मागून आण की.”

ही भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “मावशीनं तिचा क्यान परत मागितला का?”